संगणकाचा ताप आणि भंगारातला उतारा

उल्हासनगरात काय मिळत नाही, असे कुणी विचारले तर कल्याणच्या पुढे राहणारा माणूस नुसता हसतो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तर आता इतका जुना झाला आहे की सांगणाऱ्यालाही त्याचे हसू येत नाही. पण विनोदाच्या मागे जे होते ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली तरी ‘कॅम्प’ हा शब्द राहिला. आजही पत्ता सांगताना एक ते पाच यांपैकी कॅम्पचा आकडा लागतोच. सगळे मागे टाकून आलेल्या माणसाला जे हाताशी आहे त्यातून हवे ते उभे करावे लागते. ती सवय या गावाच्या हाडात मुरली आहे.

तिथून गाडीने पुढचे स्टेशन अंबरनाथ. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर ही त्याची जुनी ओळख. नवी ओळख म्हणजे काडेपेटीचा कारखाना, मग संरक्षण खात्याचे कारखाने, मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, औद्योगिक वसाहत आणि आयटीआय. इथल्या कित्येक घरांत वडील फिटर, काका टर्नर आणि मामा मशिनिस्ट अशी परिस्थिती होती. त्यापुढचे बदलापूर म्हणजे मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवरचे, परवडणाऱ्या घराच्या शोधात निघालेल्या मराठी माणसाचे गाव. एका गावात वस्तू, दुसऱ्यात कसब आणि तिसऱ्यात ते वापरणारी पोरे, अशी ही रेल्वेची माळ आहे. या माळेला धरूनच आज एका विचित्र वाटणाऱ्या उद्योगाची हकिगत सांगायची आहे. तो उद्योग म्हणजे घरच्या संगणकाला पाण्याने गार ठेवणे, आणि त्यासाठी लागणारा रेडिएटर दुकानातून न आणता भंगारातून उभा करणे.

‘अरे, विजेच्या वस्तूत पाणी घालतोस?’ हा कुठल्याही आईचा पहिला प्रश्न असणार आणि तो अगदी रास्त आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देऊ. आधी संगणकाला ताप येतो म्हणजे काय होते ते पाहू.

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये जी वीज जाते ती जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९९० च्या दशकातल्या घरगुती प्रोसेसरला पंधरा-वीस वॅट पुरत असत. आजचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर भरात असताना अडीचशे वॅटपर्यंत जातात. अडीचशे वॅट म्हणजे काही फार नव्हे, आपली इस्त्री हजार वॅटची असते, असे वाटेल. पण इस्त्रीचा तवा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट, आणि तेवढ्यात सुती शर्ट करपतो. प्रोसेसरची चकती असते अडीच चौरस सेंटिमीटरची, नखाएवढी. तिथे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅटची मजल जाते. इस्त्रीच्या वीसपट! ही उष्णता तिथल्या तिथे उचलून नेली नाही तर प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचतो आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही तर सरळ बंद पडतो.

ती उष्णता उचलून न्यायला हवा हा फार दुबळा हमाल आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता पोटात घेते, तितकी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. मिनिटाला जेमतेम एक लिटर पाणी फिरवले, तर तीनशे वॅटची उष्णता घेऊनही ते पाणी चार-साडेचार अंशांनीच तापते. गावाकडची पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सूत्र शिकवायला नको. किर्लोस्करचे किंवा कूपरचे इंजिन पुकपुक करत असे आणि शेजारी पाण्याची टाकी असे. इंजिनात तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत यायचे, टाकीतले गार पाणी खालच्या नळीने इंजिनात जायचे. पंप नाही, पंखा नाही. संगणकातले पाणी हे त्या टाकीचेच नातवंड आहे.

मोठ्या संगणकांना गार ठेवण्याचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या आपल्या पहिल्या देशी संगणकात सुमारे सत्तावीसशे निर्वात नळ्या होत्या. म्हणजे सत्तावीसशे तापणारे दिवेच म्हणा ना! १९८० साली आयबीएमने ३०८१ हा मोठा संगणक आणला तेव्हा त्याच्या चिपांवर पाण्याने गार होणारे धातूचे ठोकळे बसवले होते. १९८५ सालच्या क्रे-२ ची तर तऱ्हाच वेगळी. त्याचे सगळे भाग वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेले असत. आणि फार लांब कशाला जायचे, पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला सीडॅकचा परम ब्रह्म हा महासंगणकही पाण्यासारख्या द्रवानेच, चिपेला भिडलेल्या ठोकळ्यातून, गार राहतो. तेव्हा ‘विजेत पाणी’ ही काही खुळ्या पोरांची कल्पना नाही.

घरगुती संगणकात मात्र ती खुळ्या पोरांनीच आणली. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर निघाला. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्‌झ, पण तो ४५० वर पळवता येतो असे लोकांच्या ध्यानात आले. महागाचे काम स्वस्तात, मग काय विचारता! जगभर पोरे प्रोसेसर पिटाळू लागली आणि प्रोसेसर तापू लागले. पाण्याचे तयार संच तेव्हा फारसे मिळत नव्हते. म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी मोडीत निघालेल्या मोटारींकडे मोर्चा वळवला. थंड देशात गाडीच्या आत ऊब लागते. इंजिनातले गरम पाणी ज्यातून फिरवून ती ऊब मिळवतात तो वहीएवढा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटरचा गाभा, त्यांनी काढून आणला. १९७७ सालच्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीचा गाभा तर या मंडळींत इतका नावाजला की गाडी विसरली गेली आणि गाभा अमर झाला. पंप आणला तो घरातल्या फिशटँकचा. पुढे याचाच धंदा झाला, देखणे संच बाजारात आले, त्यात रंगीत दिवेही लागले. पण सुरुवात भंगारातूनच झाली, हे विसरून चालणार नाही.

आता समजा, बदलापूरच्या एखाद्या इमारतीत राहणाऱ्या मुलाला हे करायचे आहे. तो ॲनिमेशन शिकतो, लग्नाच्या चित्रफिती जोडून चार पैसे मिळवतो. एकेक चित्रफीत तयार व्हायला तासन्‌तास लागतात आणि एप्रिलच्या दुपारी संगणक मध्येच मान टाकतो. घरातल्या वर्षा-दोन वर्षांच्या बचतीतून ते यंत्र आलेले. तयार संचाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. या मुलाला आपण नाव देऊ नये, कारण असे एक सोडून अनेक असतील. कल्याण-कर्जत लाइनवर त्याने काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, एवढेच पाहू.

पहिला मुक्काम उल्हासनगर. भंगारवाल्याकडे रेडिएटर म्हणून जे मिळू शकते त्याचे तीन प्रकार. एक, जुन्या मोटारीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर. प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्याचा निरोप घेतला, पण त्या पिढीतल्या गाड्यांचे अवशेष अजून कुठे कुठे निघतात. धातू उत्तम, पण आकार असा की संगणकच रेडिएटरच्या खिशात बसावा. शिवाय आपल्या हवेत गाडीत ऊब कुणाला हवी होती? त्यामुळे तो अमेरिकन हीटरचा छोटा गाभा जुन्या गाड्यांत आपल्याला क्वचितच सापडणार. दुसरा प्रकार म्हणजे पाण्याने गार होणाऱ्या मोटारसायकलींचा रेडिएटर. यामाहाची आर-१५ ही २००८ साली आणि चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक ही २०१२ साली आली, तेव्हापासून अपघातात मोडलेल्या गाड्यांचे हे रेडिएटर सुटे मिळू लागले. आकार अगदी हवा तसा, वजनाला हलका, दिसायला ऐटबाज. पोरांचा डोळा यावरच जातो. तिसरा प्रकार कुणाला रेडिएटर वाटतच नाही. तो म्हणजे जुन्या विंडो एसीची मागची जाळी, मेकॅनिक ज्याला कंडेन्सर कॉइल म्हणतो ती.

माझे मत विचाराल तर या तिघांत सर्वांत कुरूप असलेली ही जाळीच निवडावी. कारण सांगतो. मोटारसायकलचा रेडिएटर असतो ॲल्युमिनियमचा आणि प्रोसेसरवर बसणारा ठोकळा असतो तांब्याचा. हे दोन धातू एकाच पाण्यात, नळीने का होईना, एकत्र नांदू लागले की पाण्यातून आणि पेटीच्या धातूतून त्यांच्यात विजेचा बारीकसा व्यवहार सुरू होतो. शाळेत तांब्याची आणि जस्ताची पट्टी लिंबात खोचून घड्याळ चालवतात, तोच हा प्रकार. त्यात ॲल्युमिनियमची हार ठरलेली. ते कणाकणाने झिजते, पांढरा गाळ ठोकळ्याच्या बारीक खाचांत जाऊन बसतो आणि काही महिन्यांनी रेडिएटरला सुईएवढे भोक पडते. पहिल्या दिवशी सगळे झकास चालते, हाच यातला धोका. मोटारीत घालतात ते गंजरोधक शीतक वापरले तर ही झीज पुष्कळ मंदावते, आणि बाजारातले पुष्कळसे बंद संच ॲल्युमिनियमचा रेडिएटर व तांब्याचा ठोकळा असेच असूनही त्याच्या आधारावर वर्षानुवर्षे टिकतात. पण ते कारखान्यात भरून सीलबंद केलेले असतात. घरी नळ्या जोडणाऱ्याने तो भरवसा धरू नये. जुन्या विंडो एसीच्या जाळीत बहुतेक वेळा पत्रे ॲल्युमिनियमचे असले तरी पाणी वाहते ती नळी तांब्याची असते. पाण्याला ॲल्युमिनियमचा स्पर्शच नाही. घेताना नळीचे टोक चाकूने खरवडून लाल रंग दिसतो का ते पाहावे. काही जाळ्या पूर्ण ॲल्युमिनियमच्याही निघतात.

ही जाळी एसीत जोडलेली असेल तर ती आपण होऊन कापू नये. तिच्यात दाबाखाली गॅस असतो. जुन्या एसीतला आर-२२ हा ओझोनच्या थराला घातक, आणि कापणाऱ्याच्या डोळ्यालाही. ते काम एसी मेकॅनिककडून करून घ्यावे. जाळी मोकळी झाली की तिच्यात कॉम्प्रेसरचे तेल चिकटलेले असते. ते भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्याने तीन-चार वेळा धुवून काढायचे आणि मग साबण जाईपर्यंत साध्या पाण्याने. पुढची परीक्षा रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. सायकलच्या पंक्चरवाल्याप्रमाणे तो एक टोक बंद करतो, दुसऱ्या टोकातून हवा भरतो आणि जाळी पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुडा आला की तिथे झाळायचे. त्याच बैठकीत दोन्ही टोकांना पितळेची निपल झाळून घ्यावीत. एसीच्या जाळीतली नळी बारीक आणि लांब असते, पाणी अडखळते. म्हणून कारागीर तयार असेल तर ती मधोमध कापून दोन फेरे शेजारी शेजारी जोडून घ्यावेत, म्हणजे पंपाला दम लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, मोटारसायकलच्या इंजिनाला पुरणारा रेडिएटर संगणकाला पुरेल यात नवल ते काय? नवल आहे. इंजिनातले पाणी नव्वद अंशांचे असते आणि बाहेरची हवा पस्तीसची. मध्ये पंचावन्न अंशांची दरी. शिवाय गाडी धावते तेव्हा वारा फुकट. समजा तिथे रेडिएटर सहा किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. संगणकात पाणी खोलीपेक्षा दहाच अंशांनी गरम ठेवायचे आहे. दरी पाचपटींहून अधिक आटली की कामही तितकेच आटते, अकराशे वॅटवर येते. त्यात वाऱ्याऐवजी पंख्याची झुळूक. म्हणजे हाती उरले तीन-चारशे वॅट. एवढ्यात एक प्रोसेसर निभावतो, वर मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर नाही. तेव्हा जाळी शक्य तितकी मोठी घ्यावी. पंखे दोन असावेत आणि ते जाळीला चिकटवून लावू नयेत. पंख्याच्या मधल्या बुडख्यासमोर वारा जात नाही, तेवढी जाळी कोरडीच राहते. चार-पाच सेंटिमीटरचा चौकोनी गाळा मध्ये ठेवला की वारा पसरतो. या गाळ्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूडच्या कापलेल्या पट्ट्या मिळतील.

दुसरा मुक्काम अंबरनाथ. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा हा या संसाराचा खरा कर्ता. तांबे ॲल्युमिनियमच्या पावणेदोन पट वेगाने उष्णता वाहते, म्हणून इथे काटकसर नको. ठोकळ्याच्या पोटात खाचा पाडायच्या, वर झाकण बसवायचे, पाणी आत यायला आणि बाहेर जायला दोन भोके ठेवायची. भोकांना आटे कोणते पाडायचे याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. संगणकाच्या परदेशी संचांत जे आटे असतात ते पाव इंची बीएसपी, म्हणजे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या नळ्यांना जे असतात तेच! परदेशातून मागवायची ‘खास’ जोडणी हार्डवेअरच्या दुकानात, मोळ्याने टांगलेली असते. फक्त ती पितळेची आहे, ॲल्युमिनियमची नाही, एवढे बघून घ्यावे. ठोकळ्याचा तळ आरशासारखा सपाट हवा. त्यासाठी जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाण्याचे थेंब सोडत, ठोकळा इंग्रजी आठाच्या आकारात घासत बसायचे. आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्या वर्षाला कानशीने लोखंडाचा तुकडा सपाट करायला लावतात आणि पोरे कंटाळतात. त्या कंटाळ्याचा उपयोग इथे कळतो.

लेथवर बसणाऱ्या माणसाला हे काम सांगताना कागदावर मापासह चित्र काढून न्यावे. ‘काका, एक छोटासा ठोकळा करून द्या ना’ असे म्हटले तर तो मान हलवेल आणि आठवडाभर काही करणार नाही. चित्र पाहिले की त्याच्यातला कारागीर जागा होतो. भिंत किती जाड ठेवायची, खाच किती खोल घ्यायची, यावर तोच चार गोष्टी सुचवील.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. विजेच्या वस्तूत पाणी घालायचे तर खरा धोका दोन ठिकाणी असतो आणि दोन्हींची प्रत फार वेगळी आहे. पहिला धोका माणसाच्या जिवाला. पंप म्हणून वाळ्याच्या कूलरचा पाण्यात बुडणारा पंप वापरण्याचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि कुठेही मिळतो. पण तो घरच्या २३० व्होल्टांवर चालतो. त्याचे वेष्टन फुटले की सगळे पाणी, ठोकळा आणि संगणकाची पत्र्याची पेटी यांत वीज उतरू शकते. हा पंप इथे वापरूच नये. बारा व्होल्टांवर चालणारा छोटा पंप संगणकाच्याच वीजपुरवठ्यावर चालतो. थोडा महाग पडतो, पण इथे केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे ना, बोर्डावर गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून टाकणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत.

दुसरा धोका खिशाला. एक थेंब मुख्य बोर्डावर पडला की बचतीवर पाणी फिरले. त्याला उपाय धीर हाच. गवंडी पाणसळ काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी घ्यावी, प्रत्येक सांध्यावर क्लिप आवळावी, सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवावा. मग संगणकाला वीज न देता फक्त पंप पूर्ण चोवीस तास चालवावा. कागद कोरडा राहिला तरच पुढे. पाणी नळाचे नको. त्यातले क्षार खाचांत बसतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी गॅरेजात मिळते, ते घ्यावे. हे शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही म्हणून गळले तरी चालेल, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. धातूंच्या संगतीत दोन-चार आठवडे राहिले की तेही बिघडते. पारदर्शक नळीवर ऊन पडले तर शेवाळ धरते, तेव्हा पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी.

एवढे सगळे झाल्यावर बदलापूरच्या उन्हाळ्याशी गाठ. मार्च-एप्रिलात इथला पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राचा वारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचेतो दमलेला असतो. आणि हे नीट लक्षात घ्यायला हवे की रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली अडतीस अंश असेल तर पाणी अठ्ठेचाळीस-पन्नासला येऊन थांबेल आणि प्रोसेसर सत्तरच्या घरात राहील. शंभराजवळ जाऊन मान टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरे, पण ‘संगणक बर्फासारखा गार’ अशी बढाई मारता येणार नाही.

मग बर्फच टाकला तर? पोरांना हे सुचतेच. टाकीत बर्फ टाकला की आकडे झपाझप उतरतात, मित्र टाळ्या वाजवतात. आता जुलै महिना आठवा. कोकणपट्टीतल्या पावसाळी हवेत बाष्प इतके असते की पंचवीस अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीखाली टेबलावर ओले वर्तुळ उमटते ना, ते वर्तुळ इथे मुख्य बोर्डावर उमटणार. एकही सांधा न गळता संगणक पाण्याने मरेल! उन्हाळ्यात मातीचा माठ मात्र थोडी मदत करू शकतो. हवा कोरडी असते, माठ पाझरतो आणि आतले पाणी चाळीसच्या दुपारीही तिशीखाली येते. पण तीनशे वॅटचा मारा सोसण्याची माठाची ताकद नाही. पाझरून उडणाऱ्या पाण्याबरोबर जाणारी उष्णता त्याहून कितीतरी कमी असते. पाहुण्याला पाणी देण्यासाठीच तो ठेवावा हे बरे.

सरळ प्रश्न विचारायचा तर, एवढा खटाटोप करावा का? पत्रव्यवहार, अभ्यास, सिनेमा यासाठी संगणक वापरणाऱ्या घरात अजिबात करू नये. पेटीतली धूळ झाडली, पंखा बदलला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला की निम्मा ताप उतरतो. त्याहून जास्त हवे असेल तर तांब्याच्या नळ्यांचा मोठा हवेचा कूलर घ्यावा, तो गळत नाही. आपल्या त्या मुलासारखे तासन्‌तास यंत्र पिटाळणाऱ्यालाच पाण्याचा फायदा. शिवाय एक फायदा असा की जो आकडेमोडीत दिसत नाही. ठोकळा, नळी, जाळी, पंखा हे सगळे हाताने जोडलेल्या मुलाला यंत्र बिघडले तर कुठे बघायचे ते कळते. सीलबंद संच बिघडला की तो फेकायचा असतो.

जाळी ठेवायची कुठे, यावर घरात एक बैठक होणार हे नक्की. पेटीत ती मावत नाही. खोलीत ठेवली तर तीनशे वॅटची शेगडी खोलीतच पेटलेली, आणि वर पंख्याखाली झोपलेले आजोबा. म्हणून ती खिडकीच्या ग्रिलमध्ये, कुंड्यांच्या शेजारी न्यावी असे वाटते. नळी लांबली तरी पंपाला फार जड जात नाही, कारण वर चढलेले पाणी तितकेच खाली उतरते, नुसते घर्षण सोसायचे. पावसाची झड लागू नये म्हणून वर पत्रा हवा आणि कबुतरांसाठी जाळी. दर महिन्याला पंखे काढून धूळ झटकायची. शिलाई कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर पंधरवड्याला, कारण कापडाचा बारीक तंतू जाळीत असा बसतो की वारा आरपार जाणे बंद होते.

आणि एक. पाण्यात गंजरोधक शीतक घातले असेल तर वर्षाने ते बदलताना मोरीत ओतू नये. त्यात बहुधा ग्लायकॉल असते. चवीला गोड आणि पोटात विष. मांजर, कुत्रे ते चाटते आणि मरते. ते गॅरेजात परत न्यावे. अंबरनाथच्या देवळाला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. कारखान्यांनी तिची काय दशा केली आहे ते गाडीतून नाकाला कळते. घरोघरच्या वाटीभर विषाची तिला भर नको.

जानेवारीत मात्र या सगळ्याची वेगळीच मजा आहे. बदलापूरची पहाट गारठलेली असते. रात्रभर चित्रफीत जोडणारा संगणक तीन-चारशे वॅट बाहेर टाकतच असतो. जाळीच्या आधी नळीला तांब्याचे पाच-सात वेढे देऊन ते पंधरा लिटरच्या बादलीत सोडले, तर गिरणीच्या टाकीसारखी ती बादली तापू लागते. हिशेब करून पाहा. बादलीतले पाणी वीस अंशांवरून अडतीसवर न्यायला, चारशे वॅटने, पाऊण तासाच्या थोडे वर लागतात. वाटेत हवेत जाणारी उष्णता धरली तर तास-सव्वा तास. वेढ्यातले पाणी आणि बादलीतले पाणी एकमेकांना भेटत नाही, त्यामुळे अंघोळीला ते खुशाल चालावे. बादली उचलण्याआधी तेवढे वेढे बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर नळीसकट संगणकच न्हाणीघराकडे निघायचा.